जरा कडेला घे

मराठी माणूस मोटारीत बसला की अर्ध्या तासात त्याला कुठेतरी थांबावंसं वाटतं. का वाटतं, हे विचारू नये. घरून सगळं उरकून निघालेला असतो, चहा दोनदा झालेला असतो, पाण्याच्या बाटल्या पायाशी लोळत असतात. तरी कळंबोली मागे पडून गाडी एक्स्प्रेस वेला लागली, काटा शंभराकडे सरकला, की मागच्या सीटवरून आवाज येतोच, "अरे, जरा कडेला घे."

आणि घोटाळा असा की घ्यायला कड असते. जुन्या हायवेला ती नव्हती. तिथे डांबर संपलं की मुरूम, मुरमापुढे गटार आणि गटारापुढे ढाबा, त्यामुळे माणूस थेट ढाब्यावरच थांबायचा. २००२ साली मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पूर्ण सुरू झाला आणि आपल्याला अशा गोष्टी मिळाल्या ज्यांची सवय आपल्या पूर्वजांना नव्हती. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, जायला तीन लेन, यायला तीन लेन, मध्ये दुभाजक, दोन्ही अंगांना कुंपण. बैलगाडी, रिक्षा, स्कूटर, पायी चालणारा, सगळ्यांना मज्जाव. आणि या तीन लेनच्याही डावीकडे, अखंड पट्ट्यापलीकडे, आणखी एक चांगली ऐसपैस पट्टी. रिकामी.

त्या पट्टीचा उपयोग एकच. धावत्या गाडीचा टायर फुटला, बॉनेटमधून धूर आला, चालकाच्या छातीत दुखायला लागलं, तर तिला वाहतुकीतून बाजूला होता यावं. आणि पुढे कुठे अपघात झालाच तर अँब्युलन्स, क्रेन आणि पोलीस यांना तिथवर पोचता यावं. एरवी रिकामं राहणं हेच त्या पट्टीचं काम. आता रिकामी जागा रिकामीच ठेवायची, ही कल्पना महाराष्ट्रात ज्यांनी आणली त्यांच्या धाडसाला दाद द्यायला हवी. आपण पाहुण्यांसाठी म्हणून एक खोली ठेवतो. वर्षभरात तिच्यात गणपतीचं मखर येतं, बंद पडलेला ट्रेडमिल येतो, टीव्हीचं खोकं येतं, ("वॉरंटी संपेपर्यंत टाकायचं नाही!") आणि पाहुणे आले की ते हॉलमध्ये सतरंजीवर झोपतात. एक्स्प्रेस वेवरची पाहुणी म्हणजे अँब्युलन्स. ती आली की तीही हॉलमध्येच अडकते.

'फक्त आपत्कालीन परिस्थितीत' अशी पाटी असते. ती सगळे वाचतात. वाचून प्रत्येक जण मनाशी तपासतो की आपली परिस्थिती आपत्कालीन आहे का, आणि ती असतेच.

आमच्या मेव्हण्यांचंच घ्या. गाडी चालवताना फोनवर बोलू नये हे त्यांना मनापासून पटलेलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ते तसे संदेशही पाठवतात. म्हणून फोन वाजला की ते आरशात बघतात, इंडिकेटर देतात, अदबीनं गाडी कडेच्या पट्टीवर घेतात आणि मग पलीकडच्या माणसाला सांगतात, "बोला, निवांत बोला, मी गाडी बाजूला घेतलीय." एक नियम पाळण्यासाठी दुसरा मोडणारा हा सज्जनांचा वर्ग फार मोठा आहे. तिकडे शेजारून कंटेनर जातो, सगळी गाडी हलते, आणि मेव्हणे फोनमध्ये म्हणतात, "काही नाही हो, वारं आहे."

दोन गाड्या करून निघालेली कुटुंबं ही दुसरी जात. पुढच्या गाडीतले मागच्यांसाठी थांबतात. मागचे बोगद्यात केव्हाच त्यांना ओलांडून गेलेले असतात आणि आठ किलोमीटरवर पुढच्यांसाठी थांबलेले असतात. मग फोनाफोनी. "तुम्ही कुठे?" "आम्ही तुमच्यासाठी थांबलोय." "आम्हीपण तुमच्यासाठी थांबलोय." जिथे दोघांनाही सुखानं थांबता आलं असतं असा खालापूरचा फूड मॉल मध्येच कुठेतरी राहून जातो.

फूड मॉलचं तर वेगळंच दुखणं आहे. रस्ता बांधणाऱ्यांनी थांबायची सोय केली, पार्किंग केलं, स्वच्छतागृहं दिली. पण तिथल्या वडापावचा भाव बघितला की आमच्या आत्याला तिच्या लग्नाचा खर्च आठवतो. त्यात घरून निघताना दशम्या, तिळाची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी आणि दही असा डबा भरून घेतलेला असतो, आणि 'तिथल्या टेबलावर आपला डबा उघडला तर ते हाकलतील' अशी भीती. मग दशमी खायची कुठे? शंभरच्या वेगानं वाहणाऱ्या रस्त्यापासून चार हातांवर, कठड्याला टेकून, हातावर कागदी बशी घेऊन. वारा आला की बशी उडते आणि नातू ती धरायला धावतो. कुठल्या दिशेनं धावतो ते मी लिहीत नाही.

पावसाळ्यात धबधब्यांचे फोटो, उन्हाळ्यात करवंदं, बाराही महिने पुरुषांची ती एक घाई, जिच्यासाठी माणूस कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला की आपण कोणालाच दिसत नाही अशी त्याची खात्री असते. ड्रायव्हर बदलणं. सीटखाली गेलेली चप्पल काढणं. डिकी नीट लागली का बघणं. नवरा-बायकोचं भांडण विकोपाला गेल्यावर 'थांबव गाडी, मी उतरते' हा प्रसंग; यात मात्र थोडीफार आणीबाणी आहे असं माझं मत आहे.

एक आणीबाणी खरी, ती म्हणजे पोराची उलटी. तिला नोटीस नसते. पण या रस्त्याची थट्टा अशी की उलटी होते घाटात, आणि घाटातच कड नाही. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत जुना हायवे येऊन एक्स्प्रेस वेला मिळतो. सहा पदरांची आणि चार पदरांची वाहतूक मिळून सहा पदरांत बसवायची, शिवाय चढ, शिवाय वळणं. तिथे कडेची पट्टी कुठून आणणार? सपाटीवर, जिथे कोणाच्या पोटात काही ढवळत नाही, तिथे मैलोन् मैल पट्टी. आणि जिथे ट्रक तापतात, क्लच जळतात, पोरं पांढरी पडतात, तिथे एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. जुन्या रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर बोरघाटात शिंगरोबाला नाणं टाकून जायचे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, अशी कथा आहे. नव्या रस्त्यानं शिंगरोबा चुकवला आणि फास्टॅग लावला. जाण्याचा टोल आपोआप कापला जातो. पण वाटेत सांभाळून घेण्याची जबाबदारी त्यात धरलेली नाही.

त्या टोलनं आणखी एक समज रुजवलाय. "टोल भरलाय!" हे वाक्य मी एक्स्प्रेस वेवर इतक्या प्रकारच्या गुन्ह्यांच्या समर्थनार्थ ऐकलंय की ते मोटार वाहन कायद्यात पोटकलम म्हणून घालायला हरकत नाही. त्या कायद्याचं कलम १२२ म्हणतं की दुसऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी, अशा रीतीनं वाहन उभं करू नये. त्यापुढे 'टोल भरला असल्यास' एवढी सूट टाकली की लोकांच्या मनातलं आणि कागदावरचं जुळेल.

आता रिव्हर्स. लोणावळ्याला उतरायचं असतं. गप्पांत फाटा निघून जातो. मोबाईलमधली बाई शांतपणे पुढचा मार्ग सांगते: पुढे जा, बाहेर पडा, वळून या. पण पुढे जाऊन वळून येणं म्हणजे हार मानणं. तीही बाईचं ऐकून, तीही सासुरवाडीच्या देखत. मग गाडी कडेच्या पट्टीवर येते, चारी इंडिकेटर लागतात, आणि शंभरच्या रस्त्यावर एक सहकुटुंब मोटार उलटी चालू लागते. मागचे सगळे मार्गदर्शनाला लागतात. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." चारी इंडिकेटर ही आपल्याकडे क्षमायाचना आहे. ते लावले की मागच्या जगानं आपल्याला समजून घ्यावं, अशी अपेक्षा असते. बोगद्यात शिरताना लोक ते लावतात, पाऊस लागला की लावतात, धुकं आलं की लावतात. घाटात जुलै महिन्यातल्या संध्याकाळी पुढे शंभरभर गाड्या चारी दिवे मिचकावत असतात, त्यांतली कुठली चालतेय आणि कुठली उभी आहे हे ओळखायची जबाबदारी तुमची.

शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची. म्हणजे एक शिंक आली तर गाडी एका स्टंपाकडून दुसऱ्याकडे जाऊन पुढे विकेटकीपरलाही घेऊन जाते. मोबाईलवर कोणाचा संदेश आलाय एवढं बघायला तीन सेकंद धरा; ऐंशी-पंच्याऐंशी मीटर आंधळी गाडी गेली. पहाटे चारला डुलकी लागलेला ट्रकवाला तर याहून उदार. मेव्हण्यांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "पण मी तर उभा असतो. माझा वेग शून्य!" त्यांना वाटतं की शून्य हा सगळ्यात सुरक्षित वेग आहे. शंभरनं धावणाऱ्या रस्त्यावर शंभरनं जाणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना जवळजवळ ओळखतही नाहीत. धोका असतो तो उभ्या असलेल्याला. आणि झोपाळलेला माणूस पुढच्या लाल दिव्याच्या मागे मागे जातो, तो दिवा चालतोय की नाही हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो.

इथे मला थोडा वेळ विनोद बाजूला ठेवावा लागतोय. २०१६ च्या जूनमध्ये पनवेलजवळ पहाटेच्या सुमारास एक मोटार पंक्चर होऊन थांबली होती. दुसरी मोटार तिच्या मदतीला थांबली होती. साताऱ्याहून मुंबईला निघालेली बस त्या दोन्ही गाड्यांना धडकून रस्त्याखाली गेली. सतरा माणसं गेली. यात दशमी नव्हती, फोटो नव्हता. थांबलेल्यांचं कारण खरं होतं, मदत करणाऱ्याचं तर पुण्याचं होतं. त्या वर्षात या एका रस्त्यावर १५१ माणसं मेली. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनं रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांच्याबरोबर मिळून इथे अपघाती मृत्यू शून्यावर आणायचा उपक्रम हाती घेतला तो त्याच सुमाराचा, आणि कडेला उभ्या असलेल्या वाहनाला मागून बसणारी धडक हा त्यांच्या कामातला मोठा भाग होता. पुढच्या वर्षांत आकडा बराच खाली आला. उगाच थांबणाऱ्यांना हाकलणं हे काम गस्तीच्या गाडीला करावं लागतं. हाकलल्यावर लोक काय म्हणतात तेही मी ऐकलंय. "चाललोच होतो, साहेब. कणीस संपतच आलंय."

खरोखर बंद पडलेल्या ट्रकची गोष्ट वेगळी. तिला परंपरा आहे. ट्रक बंद पडला की क्लीनर खाली उडी मारतो, चाकामागे दगड लावतो, मग मागे दहा-बारा पावलांवर दगडांची एक रांग मांडतो आणि जवळच्या झाडाची फांदी तोडून ट्रकच्या पाठीला खोचतो. हिरवी फांदी दिसली की समजायचं, गाडी बंद आहे. ही खूण नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत निरक्षरालाही कळते. अडचण इतकीच की ती दिवसा कळते. रात्री फांदी काळी, ट्रक काळा, आणि ट्रकचा मागचा दिवा तर मालकानं ट्रक घेतल्यापासून पाहिलेला नाही. पुढे मेकॅनिक येतो, काम होतं, ट्रक निघून जातो. फांदी ट्रकबरोबर जाते. दगड राहतात. रस्त्याच्या कडेला, कधी लेनमध्येच, नीट रांगेत मांडलेले सात-आठ दगड, ज्यांच्या पुढे काहीच नाही. कोणाच्या तरी जुन्या संकटाची समाधी. तिच्यावर आपला टायर फुटला की आपला क्लीनर खाली उतरतो आणि दगड शोधायला त्याला लांब जावं लागत नाही.

मोटारवाल्यांसाठी फांदीच्या जागी लाल चमकणारा त्रिकोण आहे. चारचाकीत तो असणं नियमानं बंधनकारक आहे आणि तो असतोही. नव्या गाडीबरोबर येतो. तो कुठे असतो ते सांगतो. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा चारही चाकांखाली लिंबं ठेवली जातात. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला हार, पुढे नारळ. पुढच्या काचेशी गणपती बसतो. या सगळ्या मंगल कार्यात सेल्समन डिकी उघडून, "आणि हा त्रिकोण, गाडी बंद पडली तर मागे ठेवायचा," असं म्हणू लागतो, तेवढ्यात आत्या त्याला थांबवते. "चांगल्या दिवशी असलं काही बोलू नये."

इथेच सगळं आलं. संकटासाठी जागा राखून ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण, असं आपल्याला आतून वाटतं. प्रवासाला निघताना 'पंक्चर झालं तर' असं म्हणणारा माणूस घरात अभद्र ठरतो. हेल्मेट, पट्टा, मृत्युपत्र, सगळ्यांची हीच अडचण. त्रिकोण प्लॅस्टिकच्या वेष्टनात, वेष्टन खोक्यात, खोकं स्टेपनीशेजारी, स्टेपनी गालिच्याखाली आणि गालिच्यावर आत्याची बॅग, दोन उशा, आंब्याची पेटी आणि लग्नाला द्यायचा मिक्सर. म्हणजे त्रिकोण काढायचा तर आधी मिक्सर रस्त्यावर मांडावा लागतो. मिक्सर बघूनही मागचे लोक सावध होतात म्हणा.

सुट्ट्यांच्या विकेंडला कडेची पट्टी वेगळंच रूप घेते. शनिवारी सकाळी खालापूरपासून घाटापर्यंत गाड्या तुंबल्या की पहिली दहा मिनिटं सगळे सभ्यपणे उभे असतात. मग एक कोणीतरी धाडसी डावीकडे निघतो. त्याला सगळे शिव्या देतात. मग दुसरा निघतो. तिसऱ्याच्या मागे शिव्या देणारे निघतात. पाऊण तासात तीन लेनचा रस्ता चार लेनचा होतो आणि चारही लेन सारख्याच ठप्प. आता मागून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येतो. तेव्हा मात्र माणसं चांगली वागतात. खरंच वागतात, आरशात बघतात, अर्धा फूट इकडे, अर्धा फूट तिकडे, हात बाहेर काढून मागच्याला खुणा करतात आणि हलायला जागाच नसलेल्या ठिकाणी जागा करतात. अँब्युलन्स कशीबशी पुढे सरकते आणि तिच्या मागोमाग, मोकळ्या झालेल्या वाटेनं, एक पांढरी एसयूव्ही जाते. ती कोणाची असते कोण जाणे, पण ती प्रत्येक अँब्युलन्सच्या मागे असते.

समृद्धी महामार्गानं या कलेला मोठं मैदान दिलं. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि विदर्भातली माणसं रस्ता बघायला म्हणून रस्त्यावर गेली. प्रवासाला नव्हे, बघायला! कडेला गाड्या लावून फोटो, व्हिडिओ, एका ठिकाणी तर चटई. सुरुवातीला वाटेत खाण्यापिण्याच्या सोयी फारशा नव्हत्या, त्यामुळे त्यांना दोष तरी किती द्यायचा. २०२५ च्या जूनमध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोटारीला ताशी १२० ची मुभा, आणि रस्ता इतका सरळ की झोप न येणाऱ्याला डॉक्टरनं लिहून द्यावा. तिथे मध्यंतरी परिवहन खात्याचे लोक टायर तपासून झिजलेल्या टायरवाल्यांना परत पाठवत होते. माझ्या मते हा त्या रस्त्यावरचा सर्वांत शहाणा विचार. कडेला थांबण्याची निम्मी कारणं तिथे दारातच मिटतात. टायर गोटा झाला तरी 'अजून एक पावसाळा जाईल' म्हणणाऱ्या माणसाला दारातून परत फिरवणं हे सोपं काम नाही, कारण तो म्हणतो, "गाडी थांबवायचीच असेल तर पुढे थांबेल की ती आपली आपण!"

परदेशात सगळं आलबेल असतं अशी एक समजूत आहे. आमचा एक भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. एम-वन हा १९५९ साली सुरू झालेला मोटरवे त्याच्या घराजवळून जातो. आत्या तिथे गेली तेव्हा दहाव्या मैलाला म्हणाली, "जरा कडेला घे, थर्मासमध्ये चहा आहे." भाच्यानं घेतली नाही. आत्या अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. तिला वाटतं, सूनबाईनं शिकवलं. पण मजा अशी की रिकाम्या पट्टीकडे बघून साहेबाचेही हात शिवशिवले. २००६ साली त्यांनी एम-फोर्टी-टू रस्त्यावर गर्दीच्या वेळी कडेच्या पट्टीवरून वाहतूक सोडून बघितली. बरं जमलं. मग कॅमेरे आणि विजेच्या पाट्या लावून पुढच्या काही रस्त्यांवर ती पट्टी कायमचीच लेन करून टाकली आणि अडलेल्यांसाठी ठरावीक अंतरावर छोटे थांबे ठेवले. याला नाव दिलं 'स्मार्ट मोटरवे'. पण गाडी थांब्यापर्यंत पोचून मग बंद पडते असं नसतं. ती दोन थांब्यांच्या मध्ये, वाहत्या लेनमध्येच बसली. माणसं मेली, घरच्यांनी लढा दिला, आणि २०२३ साली सरकारनं जाहीर केलं की असे नवे रस्ते आता करायचे नाहीत. कॅमेरे, पाट्या, अहवाल, संसदेतल्या समित्या, एवढं सगळं करून ते जिथे पोचले तिथे आपण खालापूरला दर शनिवारी पाऊण तासात पोचतो.

चाकणच्या जर्मन कंपन्यांतून तिकडे गेलेली आपली मंडळी सांगतात ते ऐकून तर मेव्हणे हादरले. जर्मनीत ऑटोबानवर पेट्रोल संपून गाडी थांबली तर ती आणीबाणी धरत नाहीत, बेफिकिरी धरतात आणि दंड करतात. "पेट्रोल संपणं हा माणसाच्या हातातला भाग आहे का?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्या गाडीचा काटा लाल पट्ट्यात गेला की ते म्हणतात, "अजून तीस किलोमीटर आरामात जाते." एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे.

थांबावं लागलंच तर काय करायचं, याबद्दल इंग्लंडच्या नियमावलीतला सल्ला मी घरी जेवताना सांगून बघितला. गाडी जमेल तितकी डावीकडे घ्या. रहदारीच्या बाजूचं दार उघडू नका, डावीकडच्या दारांनी उतरा. सगळे कठड्यापलीकडे जा आणि रस्त्यापासून लांब उभे राहा. गाडीत बसून राहू नका. कुत्रं असेल तर ते मात्र गाडीतच राहू द्या.

कुत्र्यावर एकमत झालं नाही. कठड्यावर तर मुळीच नाही. "मी या गुडघ्यांनी तो पत्रा ओलांडू?" आत्या म्हणाली. "त्यापेक्षा मी गाडीत बसते, एसी चालू ठेवा." मेव्हण्यांनी विचारलं की कठड्यापलीकडे साप असतात त्याचं काय? वहिनी म्हणाल्या, सगळे पलीकडे गेले तर दागिन्यांच्या बॅगेजवळ कोण थांबणार? अशी चर्चा झाली. उजवीकडचं दार उघडायचं नाही, याला मेव्हण्यांचा विरोध होता, कारण स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि त्यांच्या पोटाला गिअरवरून डावीकडे जायला वाट नाही. हा मुद्दा खरा होता.

आणि मग एका संध्याकाळी कामशेतच्या अलीकडे त्यांच्या गाडीचा टायर खरोखरच बसला. गाडी कडेला आली. या वेळी पट्टीवर थांबण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद होता. त्या हक्काची सवय नसल्यानं ते जरा बावरले. मिक्सर काढला, गालिचा काढला, त्रिकोण वेष्टनातून बाहेर आला आणि त्याचे पाय कसे उघडतात यावर दोन पुरुषांत मतभेद झाले. तो उघडून, मागे लांब नेऊन ठेवेपर्यंत आत्याला वहिनींनी आणि तिच्या भाचीनं दोन्हीकडून धरून कठड्यापलीकडे घेतलं होतं; ती तिथे उशीवर बसून सगळ्यांना रस्त्यापासून लांब व्हायला ओरडून सांगत होती. स्टेपनीत हवा नव्हती. मेव्हण्यांनी मदतीचा नंबर लावला.

"कुठे आहात?" पलीकडून विचारलं.

"एक्स्प्रेस वेवर."

"किलोमीटरचा आकडा सांगा. कडेला बोर्ड असतो."

मेव्हण्यांनी पुढे बघितलं, मागे बघितलं. "बोर्ड दिसत नाही. मोठं होर्डिंग आहे एक. बिल्डरचं."

"साहेब, बिल्डरचीच आहेत सगळी. पुण्याकडे चाललाय का मुंबईकडे?"

"पुण्याकडे. स्विमिंग पूल आहे त्यात. आणि एक बाई योगासनं करतेय."

"योगासनंवाली तीन ठिकाणी आहे. फ्लॅट किती बीएचकेचे लिहिलेत?"

मेव्हण्यांनी कठड्यावरून डोकावून वाचलं. "दोन आणि तीन. खाली 'मोजकेच शिल्लक' असं लिहिलंय."

"मोजकेच शिल्लक ना? मग बोगद्याच्या अलीकडचं. पंधरा मिनिटांत पोचतो. गाडीत बसू नका."

"नाही, सगळे बाहेर आहोत," मेव्हणे म्हणाले. "फक्त दशम्या गाडीत आहेत."